पाहणारीचे ऋण : अल्फॉक्सडेन, १७९८

एखादी गोष्ट पाहणे हे लेखनाच्या आधीचे काम मानावयाचे की लेखनाचाच एक भाग मानावयाचा, हा प्रश्न आपल्याकडे बहुधा सर्जनप्रक्रियेच्या प्रकरणात येतो आणि तेथेच मिटतो. अनुभवद्रव्य, त्यावरील संस्कार, त्याला लाभणारे रूप अशी पायऱ्यांची एक रचना आपण गृहीत धरतो. आणि या सर्व पायऱ्या एकच व्यक्ती चढते, हेही न बोलता गृहीत धरतो. परंतु पाहणारी व्यक्ती एक आणि लिहिणारी दुसरी असेल, तर हा प्रश्न सौंदर्यशास्त्राच्या कक्षेत मावत नाही. तो नीतीचा प्रश्न होतो. जिने पाहिले तिचे काही देणे लिहिणाऱ्याकडे लागते काय? लागत असेल, तर ते नेमके कशाचे? मोघमपणे विचार केल्यास या प्रश्नातून उदार उद्गारांपलीकडे फारसे काही निघत नाही. म्हणून येथे एकच उदाहरण घेऊन तपशिलात शिरावयाचे आहे. उदाहरण इंग्रजी वाङ्मयेतिहासातील आहे आणि पदव्युत्तर वर्गांतून ते तळटीपेच्या रूपाने अनेकदा येऊन गेलेले असते.

जुलै १७९७ मध्ये विल्यम वर्डस्वर्थ व त्याची बहीण डॉरोथी हे सॉमरसेटमधील क्वांटॉक टेकड्यांच्या पायथ्याशी असलेल्या अल्फॉक्सडेन या घरात राहावयास आले. भाडे वर्षाला २३ पौंड होते. तीनेक मैलांवर नेदर स्टोई येथे कोलरिज राहत होता, आणि घर निवडण्यामागे त्याचे सान्निध्य हेच मुख्य कारण होते. २० जानेवारी १७९८ रोजी डॉरोथीने तेथे एक रोजनिशी सुरू केली. ती मेच्या मध्यापर्यंत चालली. नोंदी लहान आहेत. अनेकदा दोन-तीन वाक्यांच्या. हवा कशी होती, कोठवर फिरणे झाले, वाटेत काय दिसले, कोण आले, कोण गेले, एवढाच त्यांचा आवाका. याच चार महिन्यांत कोलरिजचे ‘एन्शंट मरिनर’ पुरे झाले, ‘क्रिस्टाबेल’चा पहिला भाग आकाराला आला, आणि त्याच वर्षी निनावी प्रसिद्ध झालेल्या ‘लिरिकल बॅलड्स’मधील वर्डस्वर्थच्या कवितांपैकी बऱ्याचशा लिहिल्या गेल्या. इंग्रजी कवितेच्या इतिहासाची दिशा या काळात बदलली, असे पाठ्यपुस्तके सांगतात. डॉरोथीच्या वहीत मात्र दिशा बदलते ती वाऱ्याची.

मराठी वाचकाने येथे एक सावधगिरी बाळगणे अगत्याचे आहे. ‘स्प्रिंग’ या शब्दाला आपण सवयीने ‘वसंत’ म्हणतो आणि त्याबरोबर चैत्रपालवी, आंब्याचा मोहोर, कोकिळा असा सगळा संकेतव्यूह आपोआप येऊन उभा राहतो. सॉमरसेटचा वसंतारंभ याला कोठेच जुळत नाही. तो शिशिरही नव्हे आणि वसंतही नव्हे. आज एक, उद्या दुसरे, अशी ती ऋतूची लांबलेली चलबिचल असते. ३ फेब्रुवारीला न्याहारीच्या वेळी खिडक्या उघड्या ठेवण्याइतकी सकाळ सौम्य आहे. दुसऱ्या दिवशी, रविवारी, गावच्या मुली उन्हाळ्यातील सणाचे गुलाबी-निळे कपडे घालून रस्त्यांवर दिसतात आणि कुंपणाखाली स्ट्रॉबेरीचे एकुलते एक फूल उमललेले असते. एवढ्यावर ऋतू आला असे वाटावे, तर १८ आणि १९ मार्च असे लागोपाठ दोन दिवस गारा पडतात. २४ मार्चला ती लिहिते की वसंत फारच सावकाश पुढे सरकतो आहे, झाडांना हिरवेपण नाही, कुंपणे निष्पर्ण आहेत. ६ एप्रिललाही जवळजवळ तेच. आणि मग ९ एप्रिलच्या नोंदीत लार्चची झाडे दोन-तीन दिवसांत काळ्याची हिरवी झालेली आढळतात. ऋतू येतो तो असा, डोळा लागल्यासारखा. ज्याने आदल्या दोन महिन्यांच्या नोंदी केल्या नाहीत त्याला या ‘दोन-तीन दिवसां’ची किंमत कळणार नाही.

आता २५ जानेवारीची नोंद पाहू. त्या संध्याकाळी चहानंतर टॉमस पूल यांच्याकडे जाणे झाले होते. आकाश एकाच सलग ढगाने झाकलेले होते. त्यामागे चंद्र अंधुक दिसत होता, पण जमिनीवर सावल्या उमटाव्यात इतका त्याचा प्रकाश नव्हता. एकाएकी ढग दुभंगले आणि काळ्या-निळ्या घुमटाच्या मध्यभागी चंद्र मोकळा झाला. मागोमाग बारीक, तीक्ष्ण ताऱ्यांचे थवे. नोंदीच्या शेवटी कंसात, जणू स्वतःचीच चूक होऊ नये म्हणून, तिने चंद्र अर्धा असल्याचे टिपले आहे. विल्यमची ‘अ नाइट-पीस’ ही कविता याच देखाव्याची आहे. ढगापासून ताऱ्यांपर्यंतचा क्रम तोच आहे आणि काही शब्दसुद्धा तेच आहेत. आधी वही की आधी कविता, याविषयी वाद घालता येतो. १८४३ मध्ये इझाबेला फेनविक यांना सांगून लिहवून घेतलेल्या टिपणांत विल्यमने ही कविता स्टोई-अल्फॉक्सडेनच्या रस्त्यावर उत्स्फूर्तपणे सुचल्याचे नमूद केले आहे. तसे असेल, तर बहिणीच्या वहीत भावाच्या ओळींचा पडसाद असेल. रस्त्याने चालता चालता दोघांच्या किंवा तिघांच्या बोलण्यातून ते शब्द आले असतील आणि दोघांनीही ते उचलले असतील, अशीही शक्यता आहे. मला ती सर्वांत संभाव्य वाटते. परंतु अग्रक्रमाचा निवाडा झाला तरी आपला प्रश्न सुटत नाही, कारण अधिक महत्त्वाचा फरक अन्यत्र आहे.

कवितेत दोन गोष्टी अशा आहेत ज्या वहीत नाहीत. पहिली म्हणजे एक एकाकी प्रवासी. तो खाली मान घालून चालला आहे, अचानक पडलेल्या उजेडाने दचकतो आणि वर पाहतो. दुसरी म्हणजे शेवटी येणारे मन, जे देखावा मिटल्यावर त्या गंभीर दृश्याचे चिंतन करीत राहते. देखाव्याला एक मालक आणि एक फलश्रुती मिळाली, असे म्हणता येईल. वस्तुतः त्या रात्री रस्त्यावर कोणी एकटे असल्याचे वही सुचवीत नाही. वहीत मनुष्यच नाही. ढग आहे, चंद्र आहे, तारे आहेत आणि चंद्राचा आकार दुरुस्त करणारा कंस आहे.

या ठिकाणी मराठीत अनुवाद करून पाहण्याचा उपयोग होतो. डॉरोथीची वाक्ये पुष्कळदा कर्त्याशिवाय सुरू होतात. इंग्रजी रोजनिशीची ती रीतच आहे. ‘वॉक्ड’ एवढे म्हटले की झाले. कोण चालले, किती जण चालले, हे क्रियापदाला सांगावे लागत नाही. मराठीत ही सवलत नाही. ‘फिरावयास गेले’ म्हणावे तर ती एकटी होते. ‘फिरावयास गेलो’ म्हणावे तर सोबत कोणीतरी येते. अनुवादकाला प्रत्येक वाक्याशी डॉरोथी एकटी होती काय, याचा निर्णय घ्यावा लागतो आणि बऱ्याच ठिकाणी तो घेण्याला आधार नसतो. ‘फिरणे झाले’ अशी रचना करून सुटका करून घेता येते, आणि मला वाटते तोच तिच्या वृत्तीला सर्वांत जवळचा आहे. याहूनही मौजेची गोष्ट अशी, की मराठीत पुरुषाचे ‘मी गेलो’ आणि सर्वांचे ‘आम्ही गेलो’ यांचे क्रियारूप एकच आहे. स्त्रीचे ‘मी गेले’ तेवढे वेगळे उरते. विल्यमचा ‘मी’ आणि त्या मंडळींचा ‘आम्ही’ आपल्या व्याकरणात एकाच रूपात मावतात. फेनविक टिपणांत हेच झालेले दिसते. ‘द थॉर्न’ या कवितेविषयी तो सांगतो, की शांत व स्वच्छ हवेत जे काटेरी झुडूप त्याने लक्ष न देता अनेकदा ओलांडले होते, ते एका वादळी दिवशी त्याच्या नजरेत भरले, आणि वादळाने आपल्या डोळ्यांसाठी जे केले तेच आपण कवितेने कायमचे करू शकणार नाही काय, असे त्याने स्वतःला विचारले. निवेदन सगळे एकवचनी आहे. वहीतील १९ मार्चच्या नोंदीवरून कळते की त्या थंड, उजाड दिवशी टेकडीवर तिघे होते : विल्यम, डॉरोथी, आणि त्यांच्याकडे सांभाळावयास असलेला लहानगा बेझिल. परतताना जोराच्या गारांनी गाठले, आणि विल्यमने खुरटलेल्या झुडपावर काही ओळी लिहिल्या. टिपणात वादळाचे श्रेय वादळाला मिळाले आहे. सोबतच्या दोघांचा उल्लेख नाही.

‘क्रिस्टाबेल’चे उदाहरण याहून प्रसिद्ध आहे. ७ मार्चच्या नोंदीत झाडाच्या शेंड्यावर उरलेले एकच पान वाऱ्यावर चिंधीसारखे गरगरत नाचते. ‘क्रिस्टाबेल’च्या आरंभी असेच एक शेवटचे पान आहे, ते लाल झाले आहे आणि त्याला आपल्या कुळातील अखेरचे असण्याचे दुःख चिकटले आहे. २७ जानेवारीच्या नोंदीत ओढ्याच्या आवाजाला ओरडणारे गावातील एक कुत्रे आहे. कवितेत ते गढीतील म्हातारी कुत्री होऊन आले आहे. १८१६ च्या प्रस्तावनेत कोलरिजने पहिल्या भागाचे लेखन १७९७ चे असल्याचे सांगितले. अभ्यासकांनी या नोंदींचा आधार घेऊन ते १७९८ च्या वसंतारंभापर्यंत पुढे ओढले. म्हणजे कवीच्या शब्दापेक्षा वहीचा शब्द अधिक विश्वसनीय ठरला, हे खरे. पण तो साक्षीदाराचा शब्द म्हणून. लेखिकेचा म्हणून नव्हे.

या संबंधाकडे पाहण्याच्या दोन रीती आता रूढ झाल्या आहेत. पहिली जुनी. तिच्यानुसार रोजनिशी म्हणजे कच्चा माल. कवितेच्या भट्टीत गेल्यावर त्याचे सोने झाले, आणि बहिणीलाही त्यातच आनंद होता. दुसरी १९८० नंतरच्या स्त्रीवादी समीक्षेने पुढे आणली. मार्गारेट होमन्स, सुझन लेव्हिन, अ‍ॅन मेलर यांच्या मांडण्यांत परस्परभेद बरेच आहेत आणि मेलर यांनी तर डॉरोथीच्या विखुरलेल्या, परस्परावलंबी ‘स्व’ला स्वतंत्र मूल्य दिले आहे, तथापि वर्गात पोहोचेपर्यंत या सर्वांचे ‘भावाने बहिणीचे पाहणे लुबाडले’ असे एक सुटसुटीत वाक्य झालेले असते. कच्चा माल आणि लूट, या दोन्ही कल्पनांत एक गोष्ट समान आहे : पाहिलेली वस्तू ही मालमत्ता असते, हे दोघींनाही मान्य आहे. भांडण आहे ते सातबारा कोणाच्या नावावर, एवढ्यापुरतेच.

आपल्या काव्यशास्त्राने या प्रश्नाचा विचार केलेला आहे, आणि तो अधिक मोकळेपणाने केलेला आहे. आनंदवर्धनाने ‘ध्वन्यालोका’च्या चौथ्या उद्द्योतात दोन कवींच्या अर्थांतील सारखेपणाला ‘संवाद’ म्हटले आणि त्याचे तीन प्रकार केले : प्रतिबिंबासारखा, चित्रासारखा आणि दोन देहधारी व्यक्तींतील साम्यासारखा. यांतील तिसरा त्याज्य नाही, असे त्याचे मत. पूर्वी पाहिलेले अर्थही रसाच्या स्वीकाराने नवे भासतात हे सांगताना त्याने घेतलेला दृष्टांत वसंतातील झाडांचा आहे, हा प्रस्तुत संदर्भात सुखद योगायोग म्हणावा लागेल. झाड तेच, वसंताने नवे केले. पण हा सारा विचार कवी आणि कवी यांच्यातील आहे. ज्याच्याकडून घेतले तो मुळात कवीच नसेल, त्याचे लेखन काव्य म्हणून गणतीतच येत नसेल, तर तेथे संवाद कसला आणि हरण तरी कसले?

राजशेखराची ‘काव्यमीमांसा’ अधिक व्यवहारी आहे. शब्दहरण व अर्थहरण यांची ती तपशीलवार वर्गवारी करते, आणि या चर्चेत राजशेखर आपली पत्नी अवंतिसुंदरी हिचे मत उद्धृत करतो. घेणे केव्हा चालते याची कारणे ती देते : ज्याचे घ्यावयाचे तो अप्रसिद्ध आहे आणि मी प्रसिद्ध आहे; त्याला प्रतिष्ठा नाही आणि मला आहे; अशी ती यादी आहे. हे कवींच्या वर्तनाचे कोरडे वर्णन आहे, उपदेश आहे की उपरोध, हे सांगणे कठीण आहे. मला त्यात उपरोध ऐकू येतो, पण तो मी आज वाचत असल्यामुळेही असेल. ज्या स्त्रीने हे सांगितले तिचे साहित्यविचार आपल्यापर्यंत पोहोचले ते पतीच्या ग्रंथातील अवतरणे म्हणून, हे मात्र निर्विवाद आहे. डॉरोथीच्या प्रकरणावर आधुनिक समीक्षेने जे शेकडो पानांत म्हटले त्याचा गाभा या यादीत हजार वर्षांपूर्वी येऊन गेला आहे. अप्रसिद्धाचे घेतले तर ते घेणे ठरत नाही.

तरीही ‘घेणे’ हा शब्द अल्फॉक्सडेनला पुरत नाही, असे माझे म्हणणे आहे. याचे एक कारण पुढल्या काळातील आहे. भावंडे ग्रासमीरला गेल्यावर डॉरोथीने १८०० मध्ये दुसरी रोजनिशी सुरू केली. ती विल्यमला आनंद व्हावा म्हणून लिहीत असल्याचे तिने आरंभीच नोंदवले आहे. १३ मार्च १८०२ रोजी विल्यम एका भिकारणीच्या मुलांवर कविता लिहीत होता. चहानंतर डॉरोथीने त्या मुलांविषयीचे स्वतःचे जुने टिपण त्याला वाचून दाखवले, आणि ते अशुभच ठरले, असे ती लिहिते. कारण त्या शब्दांच्या तावडीतून त्याला सुटता येईना, कविता अडली आणि तो थकून झोपावयास गेला. कच्चा माल कारागिराला असा अडवीत नाही. ज्या शब्दांतून कवीला बाहेर पडता येत नाही ते शब्द घडलेले असतात. त्यांना स्वतःचे रूप असते. म्हणजे जुन्या रीतीचे गृहीतक येथेच कोसळते. पण लुटीची कल्पनाही टिकत नाही, कारण टिपण वाचून दाखवणारी तीच आहे आणि अडथळा झाल्याची खंतही तिलाच आहे. त्या खंतीचे काय करावयाचे, हे दोन्ही रीतींना ठाऊक नाही.

मग डॉरोथीच्या या माघार घेण्याला गुण म्हणावे काय? नीतितत्त्वज्ञानात यासाठी एक आकर्षक युक्तिवाद उपलब्ध आहे. आयरिस मर्डॉक यांनी ‘द सॉव्हरिन्टी ऑफ गुड’ (१९७०) मध्ये खिडकीबाहेर तरंगणाऱ्या एका लहान ससाण्याचे उदाहरण दिले आहे. दुखावलेल्या प्रतिष्ठेचा विचार करीत बसलेल्या माणसाला तो दिसतो आणि क्षणात तो दुखावलेला ‘मी’ नाहीसा होतो. उरतो तो फक्त पक्षी. मर्डॉक यांच्या मते लक्षपूर्वक पाहणे हीच नैतिक कृती आहे, कारण त्यात अहंकार गळतो. या कसोटीवर डॉरोथीची वही ‘अ नाइट-पीस’पेक्षा वरचढ ठरते. तिच्यात ढग दुभंगतात तेव्हा कोणी दचकत नाही आणि कोणी चिंतन करीत नाही. १ मार्चला धुक्याचे आकार मेंढ्यांवरून सरकतात आणि त्या मुक्या जनावरांपेक्षा धुकेच अधिक जिवंत वाटते; नोंद तेथेच थांबते. त्यातून माणसाविषयी काही सिद्ध करण्याची तिला घाई नाही.

हा युक्तिवाद मला पटतो आणि तरी अर्धवट वाटतो. अहंकार गळावयास तो आधी साठलेला असावा लागतो. डॉरोथी सहा वर्षांची असताना, १७७८ मध्ये, आई गेली आणि तिला हॅलिफॅक्सला नातेवाइकांकडे धाडण्यात आले. भावांची भेट पुढे नऊ वर्षांनी झाली. तेव्हापासून ती कोणा ना कोणाच्या घरी राहत आलेली होती. अल्फॉक्सडेनला ती सव्वीस वर्षांची होती. मर्डॉक यांचा माणूस खिडकीशी बसला आहे तो स्वतःच्या खोलीत, आणि त्याची प्रतिष्ठा दुखावण्याइतकी आहे. जिला स्वतःची खोली नाही तिच्या निरहंकाराला त्याग म्हणणे म्हणजे नसलेल्या धनाच्या दानाबद्दल तिचे कौतुक करणे होय. १८१० मध्ये, ग्रासमीरच्या ग्रीन दांपत्यावरील तिचा वृत्तांत छापण्याचा आग्रह झाला तेव्हा, लेखिका म्हणून पुढे येण्याचा आपल्याला तिटकारा असल्याचे तिने पत्रातून कळवले. हे विनयाचे वाक्य आहे, भीतीचे आहे की स्वभावाचे, हे ठरवण्याचा अधिकार आपल्याला आहे असे मला वाटत नाही. लुटीची भाषा बोलणारे ते परस्पर ठरवतात. त्यागाची भाषा बोलणारेही तेच करतात.

माझ्या मते देणे आहे; पण ते पानाचे किंवा चंद्राचे नाही, वेळेचे आहे. ‘लिरिकल बॅलड्स’मधील जी कविता पुढे ‘टु माय सिस्टर’ या नावाने ओळखली जाऊ लागली, तिच्यात भाऊ मार्चच्या पहिल्या उबदार दिवशी घराजवळूनच मुलाच्या हाती बहिणीला निरोप धाडतो : सकाळचे काम सोडून ये, रानात जाण्याचे कपडे घाल, पुस्तक आणू नकोस, आजचा दिवस आळसाला देऊ. असा एक क्षण वर्षानुवर्षांच्या तर्कापेक्षा अधिक देऊन जाईल, अशी त्याची ग्वाही आहे. कविता सुंदर आहे, तिच्यात प्रेम आहे, आणि तिच्यावर संशय घेण्याचे कारण नाही. पण सकाळचे काम बहिणीला आहे. ते सोडून येण्याचे आमंत्रण देणारा आधीच बाहेर उभा आहे. आळस हे तत्त्व होण्यासाठी कोणाची तरी सकाळ खर्ची पडावी लागते. घरात एक मोलकरीण होती आणि एक लहान मूल होते. वहीत सरपण वेचण्याचे उल्लेख आहेत, आणि ते देखाव्याच्या उल्लेखांना इतके लागून येतात की कोठे काम संपले व कोठे सहल सुरू झाली हे समजत नाही. डॉरोथीचे पाहणे कामाच्या फटींतून झालेले पाहणे आहे. हवा बदलती असल्यामुळे त्याला सातत्य लागते. एका उबदार दिवसावर ते चालत नाही. कवितेला पहिला उबदार दिवस पुरतो, वहीला दुसऱ्या दिवशीची थंडीही लिहावी लागते.

येथे प्रतिपक्षाचे म्हणणे ऐकणे आवश्यक आहे, कारण त्यात तथ्य आहे. हवेची नोंद इतकी निष्पाप असते काय? १७९८ हे युद्धाचे वर्ष होते. आदल्या वर्षी फेब्रुवारीत फ्रेंच तुकडी वेल्समधील फिशगार्डला उतरली होती. जुलैत क्रांतिवादी जॉन थेलवॉल अल्फॉक्सडेनला येऊन गेला, आणि ऑगस्टमध्ये गृहखात्याने या मंडळींवर पाळत ठेवण्यासाठी हेर पाठवला. वह्या घेऊन रात्री-अपरात्री हिंडणारी आणि ओढा समुद्रापर्यंत नौकानयनाला योग्य आहे काय याची चौकशी करणारी ही माणसे स्थानिकांना संशयास्पद वाटली होती. कोलरिजने पुढे ‘बायोग्राफिया लिटररिया’त (१८१७) याची थट्टा केली. घराचा करार वाढवून मिळाला नाही आणि जून १७९८ मध्ये घर सोडावे लागले. यातले काही वहीत दिसत नाही. जेरोम मॅगॅन यांनी ‘द रोमँटिक आयडिऑलॉजी’मध्ये (१९८३) स्वच्छंदतावादी कवितेवर इतिहास निसर्गात विरघळवून टाकल्याचा जो आरोप ठेवला, तो या वहीवर का ठेवू नये?

गारांचेच उदाहरण घ्या. १८ मार्चला भावंडे हॉलीच्या झाडांखाली आसऱ्याला उभी राहिली आणि वाळलेली पाने गारांबरोबर नाचताना त्यांनी पाहिली. मराठवाड्यात किंवा विदर्भात फाल्गुनातल्या गारपिटीकडे असे पाहणे अवघड आहे. फेब्रुवारी-मार्च २०१४ मध्ये हाताशी आलेला गहू, हरभरा, द्राक्षे गारांनी झोडपली गेली, तेव्हा गारांत नाच दिसणारा डोळा कोणाचा असू शकतो, हा प्रश्न आपल्याला परकी समीक्षा वाचून सुचावा लागत नाही. आसरा, सरपण आणि पिकाची चिंता नसणे या तीन गोष्टींवर ते पाहणे उभे आहे, हे मान्य केले पाहिजे. ११ मार्चच्या रविवारी एक मजूर उन्हातल्या गायीसारखा बागडताना पाहून तिला बरे वाटले. त्या उपमेत माया आहे आणि अंतरही आहे. सहा दिवस त्या माणसाला बागडता का येत नाही, हे ती विचारत नाही.

असे असले तरी मॅगॅन यांचा आरोप वहीपेक्षा कवितेला अधिक लागू पडतो. निसर्गाकडून माणसाने शिकावे, एका क्षणात सगळे शहाणपण आहे, अशी प्रतिज्ञा कविता करते. आणि प्रतिज्ञा करणाऱ्याला वगळलेल्या गोष्टींचा हिशोब मागता येतो. ‘लाइन्स रिटन इन अर्ली स्प्रिंग’मध्ये निसर्गाच्या आनंदासमोर बसून माणसाने माणसाची काय दशा केली याचे दुःख कवी व्यक्त करतो. कोणत्या माणसाने, कोणाची, कशी, हे तेथे नाही. दुःख सर्वांचे असल्यामुळे ते कोणाच्या अंगावर येत नाही. वहीचा दावा फार लहान आहे : आज इतके दिसले. गुलाबी पदराच्या मुली, कडेवर मुले घेतलेल्या आया, गावचा लोहार तिच्यात येतात, पण कशाची तरी उदाहरणे म्हणून नव्हे. १५ एप्रिलला एका जमीनदाराच्या बागेत मुद्दाम बांधलेली भग्न वास्तू, कृत्रिम धबधबे आणि साधूची कुटी पाहून तिने जो शेरा मारला तो अख्ख्या वहीतला बहुधा सर्वांत तिखट शेरा आहे. प्रचंड डोंगरांना आणि दऱ्यांना आपल्या लहरीनुसार आकार देता येत नाही हे सुदैवच, असा त्याचा आशय. जमीनदाराच्या बागेविषयी हे म्हटले आहे. सहप्रवासी कवींच्या कवितेविषयी ते म्हटलेले नाही.

मराठीपुरते पाहिले तर हा प्रश्न आपल्यालाही नवा नाही. रमाबाई रानड्यांच्या १९१० मधील पुस्तकाच्या शीर्षकातील ‘आमच्या’ हा शब्द दोघांच्या आयुष्यासाठी आहे, आणि ते दीर्घकाळ वाचले गेले ते न्यायमूर्तींच्या चरित्राचे साधन म्हणून. लक्ष्मीबाई टिळकांनी लिहावयास घेतले तेही रेव्हरंड टिळकांच्या चरित्राला साहाय्य म्हणून. पण तेथे साधनाने साध्याला मागे टाकले. ‘स्मृतिचित्रे’ ज्यांनी वाचली त्यांपैकी कितीजण आज चरित्रासाठी ती उघडतात? लक्ष्मीबाईंजवळ एक ठसठशीत ‘मी’ होता, त्यामुळे आपल्याला निवाडा सोपा गेला. ज्या लेखनात असा ‘मी’ नसतो त्याला ‘साधन’ याहून वेगळे नाव आपल्या समीक्षेजवळ अद्याप नाही. अल्फॉक्सडेनच्या वहीला साहित्य म्हणावयाचे तर साहित्य म्हणजे कोणाचे तरी आत्मप्रकटन ही आपली सवय ढिली करावी लागेल. आणि ‘फिरणे झाले’ या वाक्यालाही शैली असते, हे मान्य करावे लागेल.

वहीचे पुढे काय झाले हे सांगावयाचे राहिले. विल्यम नाइट यांनी १८९७ मध्ये डॉरोथीच्या रोजनिशा दोन खंडांत संपादित केल्या. प्रास्ताविकात त्यांनी आपले धोरण स्पष्ट केले आहे. आज विल्यमचे सदरे शिवले, विल्यमने काटक्या गोळा केल्या, मी अंडी आणावयास गेले, अशा प्रकारच्या नोंदी प्रत्येक वेळी छापण्याचे प्रयोजन नाही, असे त्यांचे मत होते. म्हणजे ‘टु माय सिस्टर’मध्ये जे सकाळचे काम बाजूला ठेवण्याची विनंती होती, ते काम संपादकाने खरोखरच बाजूला ठेवले. ग्रासमीरच्या वह्या शाबूत असल्यामुळे तेथे गाळलेल्या ओळी पुढील संपादकांना परत आणता आल्या. अल्फॉक्सडेनचे हस्तलिखित मात्र नाइट यांच्यानंतर हरवले. त्यांनी जेवढे छापले तेवढेच आज आपल्याजवळ आहे. १८ मार्चला गारा थांबल्यावर विल्यमने त्या वादळाचे वर्णन लिहिले, हे त्यावरून कळते. उरलेल्या दिवसभरात डॉरोथीने काय केले, हे कळत नाही.